नळी दहावर होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? ठाऊक नाही—पण आता आत मावत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका दवाखान्यात मी लहान मुलांचा नवा डॉक्टर होतो. मुंबईहून एक युक्ती शिकून आलो होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावायची, आणि हवा बाहेर नेणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. टोक जितकं खोल, तितका छातीत दाब जास्त. त्या दाबानं फुप्फुसं उघडी राहत. दोन पोरं वाचली आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो.

मग विट्याकडच्या पारूबाईंच्या लेकीला सातव्याच महिन्यात मुलगा झाला. बाळ कण्हत होतं. पाच सेंटिमीटरवर भागेना, म्हणून मी नळी दहावर नेली. कण्हणं थांबलं. किती खूश झालो मी!

पारूबाई नातवाचे तळवे हातात धरून बसायच्या. दुपारी म्हणाल्या, "आवं डाक्टर, पाय लय गार पडल्यात. रंग बी उतरलाय बघा."

"श्वास चाललाय ना? मग?"

नाडी बघितली का मी? नाही. दाब फार झाला की छातीत हवा कोंडते, रक्ताला हृदयाकडे परतायला वाट राहत नाही—हे मी वाचलं होतं. वाचलं होतं हो! पण एका अडाणी बाईनं मला शिकवायचं?

दिवस मावळायच्या आत बाळ गेलं.

मोठे डॉक्टर यायच्या आधी मी नळी पाचावर ओढून ठेवली. तेवढ्यावर तरी थांबावं—पण नाही. पारूबाईंनी विचारलं, "कशानं झालं वं?" आणि मी म्हणालो, "सारखा हात लावत होतात ना? त्यानंच बाधलं."

त्या भांडल्या नाहीत. नुसत्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं.

दोनेक वर्षांनी त्याच लेकीला मुलगी झाली, भरल्या दिवसांची, गुटगुटीत. मी ती पारूबाईंपुढे धरली. त्या मागे सरकल्या, हात पदराखाली घेतले.

"नगं, सायब. माझ्या हातानं एक गेलाय."

आसपास कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मुलीला पाळण्यात ठेवलं आणि पुढच्या खाटेकडे गेलो.