आळणी बाजूला काढ

“तिखट नकोच बाई. आपली आळणीच बरी, कुणाला बाधत न्हाय. पर गरम हाय तवरच गोड. गार पडली की कुणी ढुंकून बघत न्हाय.”

सासूबाई फोनवर माझ्या नणंदेला सांगत होत्या आणि मी दाराआड ओले कपडे घेऊन उभी. लग्नाला तीन महिने झालेले, घरात सगळ्यांत कमी बोलणारी मी. ही आळणी दुसरी कोण असणार, तुम्हीच सांगा!

तुम्ही बारामती-इंदापूरकडचे असाल तर एव्हाना हसत असाल. मटणात मसाला पडण्याआधी त्याचं हळद-मिठाचं पाणी काढून घेतात, त्याला इथं आळणी म्हणतात. पण माझं माहेर अलिबागचं. आमच्याकडे अळणी म्हणजे मीठ विसरलेली भाजी. ताटात पडून राहते ती.

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही!

रविवारी नणंदबाई जळोचीहून यायच्या होत्या. सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, सगळे दात काढलेले. तीन आठवडे बिचारे पेजेवर. सासूबाईंना मी इथल्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते. आत्या मला म्हणाल्या, “बटाटा, गाजर, फरसबी घालून कुकरला मटण मऊ शिजव. आज समदं तुझ्यावर.” पहिल्यांदाच! आज जमलं तर या घरात माझी काही किंमत राहणार होती.

नणंदेला आणायला फाट्यावर जाताना आत्या दारातून माझ्या नवऱ्याला ओरडल्या, “आळणी तेवढी बाजूला काढ रं! इसरू नगो!”

माझ्या हातातलं गाजर गळालं. माझ्यादेखत?

आणि हे शांतपणे म्हणाले, “काढतो की. मला काय नवीन हाय व्हय?”

नवीन नाही? म्हणजे माझ्याआधी किती जणी काढल्या होत्या बाजूला?

हे मोबाइल घेऊन अंगणात गेले. मी डोळे पुसले आणि कांदा-लसूण मसाल्याचा डबा उघडला. आळणी काय? थांबा, दाखवते! एक चमचा, दोन, पाच... मग मोजणंच सोडलं. मटण, भाज्या, मसाला सगळं एकदम कुकरात, वर झाकण. शिट्ट्या होऊ लागल्या. मला त्या कुकरचा हेवा वाटला. निदान त्याला ओरडता तरी येत होतं.

सगळे जेवायला बसले. आबा रिकामी वाटी पुढे धरून, लहान मुलासारखे. आत्यांनी झाकण काढलं आणि त्यांना ठसकाच लागला. वर बोटभर लाल तवंग!

“आगं... आळणी कुठं हाय?”



“दादा, तू काढली न्हाईस व्हय?” नणंद म्हणाली.

“काढाय आलतो, तर कुकर लावलेला!” हे पुटपुटले.

आबांची वाटी हळूच खाली आली. “न्हाय व्हय आळणी? तीन आठवडं तिच्यावरच जीव लावून बसलो हुतो, गं.”

चारही माणसं माझ्याकडे बघू लागली. हुंदका आवरेना. तीन महिन्यांत निघाला नव्हता एवढा मोठा आवाज माझ्या तोंडून निघाला:

“शोधताय कुठे? ही काय आळणी, तुमच्यासमोर उभी आहे! काढा बाजूला!”