तुराटीखालचे हात
मंगरूळपीरच्या स्टँडबाहेर चहावाल्याने चुलीत तुराटी सारली आणि तुरीच्या वाळक्या काड्यांचा तो धुरकट वास नाकात शिरताच मला नववीतलं आमचं पटांगण दिसलं. संचित वारंवारता, म्हणजे आधीचे सगळे धरून पुढे वाढवत नेलेली मोजणी, वर्गात कोणाच्याच डोक्यात शिरेना, म्हणून गणिताच्या मॅडमनी कुंपणातली एक लांब तुराटी उपसली, शाळेच्या फाटकाला आडवी बांधली आणि म्हणाल्या, "एकेक जण खालून निंघा. डोकं नाई लागलं त्यानं हात वर करून उभं राहा." सगळ्यांत बुटकी मीच, एकटा माझाच हात वर गेला. पोरं हसली, माझे कान तापले. मॅडमनी काडी थोडी वर सरकवली, आणखी चारदोन हात वर झाले आणि सुटले बाई एकदाची म्हणून मी माझा खाली घेतला. "काहून वं, हात काहून खाली घेतला?" "मले मोजलं ना मॅडम मंघाशीच." "काडी वर गेली म्हणून तू उंच झाली काय? आताबी तिच्याखालूनच जातं ना तू!" मी हात पुन्हा वर केला. काडी चढत गेली, हात वाढत गेले, एकही खाली आला नाही. शेवटी मागचा ताडमाड पोरगाही खालून निघाला, तेव्हा अख्खा वर्ग भरल्या वावरासारखा उभा होता. मी बघतच राहिले. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक मोजणीत मी होते. "अजून कोणाले चा पाह्यजे?" चहावाल्याने विचारलं. मी हात वर केला, आणि कप समोर आला तरी तो खाली घ्यावासा वाटेना.