सोन्यावर साय बांधताना

मुलांनो,

तुमची ताई, म्हणजे माझ्या भावाची नात, दोन वर्षं झाली परळला माझ्याकडे राहते आणि जवळच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. ती तिथे नेमकं करते तरी काय, हे मला फोनवर तुम्हाला कधी धड सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. दुधावरची साय समजा, पण डोळ्यांना न दिसणारी. ताई अशी कृत्रिम साय काचेवर बसवते. काचेवर सोन्याचा थर असतो आणि त्यावर जहाजाच्या नांगरासारखे, सायीला धरून ठेवणारे रेणू उभे असतात. त्यांचा पाय सोन्याला धरून, डोकं सायीत रुतलेलं, मध्ये जरासं पाणी. मग या सायीत प्रथिनाचं एक दार बसवायचं. दार उघडलं की त्यातून वीज जाते आणि संगणकावरची रेघ पायरीसारखी वर चढते.

ती रेघ काही चढेना. तिचे सर म्हणाले, "शुक्रवारी दार उघडताना दाखव, नाहीतर विषय बदलू." दोन वर्षांचं काम पाण्यात जायची वेळ! ताईचं जेवणात लक्ष लागेना.

"साय सुटून येत असेल. नांगर वाढवून बघ की," मी म्हटलं.

"वाढवले गं आजी. आता सगळीकडे नांगरच आहेत."

हा आपल्या घराण्याचा स्वभाव. लोणच्याच्या बरणीला फडकं, फडक्यावर सुतळी, वर प्लास्टिकची पिशवी, तिलाही गाठ. गावाहून मुंबईपर्यंत बरणी सुखरूप येते, फक्त उघडायला सुरी लागते.

तिच्या कच्च्या वहीची स्वच्छ प्रत मी करते. ऑफिसात जन्मभर तेच केलं, शिवाय तिचं अक्षर तिलाच लागत नाही. मंगळवारी संध्याकाळी उतरवताना एक अख्खं पान खोडलेलं दिसलं.

"हे काय?"

"ते सोड. त्या दिवशी नांगरांची बाटली संपली होती. उरलेल्या थेंबांवर भागवलं आणि मधल्या जागेत आखूड रेणू भरले. तो दिवस धरायचा नाही."

"धरायचा नाही म्हणजे? उजाडला होता ना?"

"झाली हेडक्लार्क सुरू!"

"झालेलं लिहायचं," असं म्हणून मी खालची बारीक ओळ मोठ्यानं वाचली, "रेघ दोनदा वर गेली, बहुधा टेबलाला धक्का."

ताईचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. "परत वाच."

वाचलं.

"धक्क्यानं रेघ थरथरते, आजी. ही वर जाऊन तिथेच थांबली होती." मग कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, मी नांगरांची इतकी गर्दी केली की दाराला बसायला जागाच ठेवली नाही!"

दुसऱ्या दिवशी तिनं नांगर अगदी विरळ लावले. दुपारी फोन आला. नुसतं "आजी! आजी!" एवढंच ऐकू येत होतं. मी घाबरून खुर्चीत बसले, तेव्हा म्हणाली, "चढली! परत चढली! आत्ता बघ, परत!" जणू मला फोनमधून दिसणारच होतं.

शुक्रवारी सरांनी तासभर रेघ पाहिली. "विषय तुझाच. आता लिहायला घे," म्हणाले.

ताई जिना धावत चढली आणि गॅलरीतच माझे हात धरून तिनं मला फुगडीसारखं गरगर फिरवलं. माझे गुडघे कुरकुरले, पण मी थांबले नाही. शेजारच्या मालवणी काकू तवा तसाच टाकून बाहेर आल्या.

"चेडवाचा लगीन ठरला काय गो?"

"नाही हो काकू, दार उघडलं!" ताई ओरडली.

काकूंनी आमच्या सताड उघड्या दाराकडे पाहिलं, मग आम्हा दोघींकडे. आत गेल्या आणि गरम घावन्यांची ताटली आणून ताईच्या हातात ठेवली.