पंगतीचा बॅकअप

जळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी लॅपटॉपसाठी ताटकळत बसलो होतो. शेजारी दुकानातल्या कॉम्प्युटरला आपली डिस्क लावून चोपड्याकडचा एक माणूस बसला होता, लग्नांचे व्हिडिओ काढणारा. "बठ्ठं भरी गयं," तो स्वतःशीच म्हणाला. बॅकअपच्या डिस्कवर नव्या लग्नाला जागाच उरली नव्हती. चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे चोळायचे, की एक फाईल उडवायची. वरात गेली, सप्तपदी गेली, स्टेजवरचे नवरा-नवरीही गेले. जेवणाची पंगत मात्र तो प्रत्येक लग्नातली ठेवत होता.

"अहो, नवरा-नवरीच काढून टाकता?" मी न राहवून विचारलं.

"त्यांचे फोटो मोबाईलमध्ये ढिगानं असतात, भाऊ. म्हातारी माणसं स्टेजवर येतच नाहीत, जेवतानाच काय ती सापडतात. घरात कोणी गेलं, की हार घालायच्या फोटोसाठी लोक माझ्याकडे येतात. एकदा फोटो नेला, की मग ती पंगतही काढून टाकतो."

स्क्रीनवरच्या पुढच्या पंगतीत टोपी घातलेले एक आबा ताटावर आडवा हात धरून वाढप्याला 'पुरे' म्हणत होते. लग्न बरंच जुनं दिसत होतं.

"ही काढून टाका की," मी म्हणालो.

त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढून आबांना निरखलं. मग थकलेल्या आवाजात म्हणाला, "यांचा फोटो मागायला अजून कोणी आलं नाही. राहू द्या."