सहावी जाळी

देवाजीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होते. सकाळचे सात वाजले असतील. नळ नुकताच आला होता, एका हातात पाइप, दुसऱ्या हातात फोन. त्यांची सून बोलत होती, "काकू, बाबा गेले. झोपेतच." मी "बरं" म्हटलं आणि पाणी भरतच राहिले. टाकी भरली, वरून वाहू लागली, भिंतीवरून ओघळ जोत्यापर्यंत गेला, तेव्हा कुठं भानावर आले. आणि पहिला विचार काय आला सांगू? देवाजीभाऊंनी हे पाहिलं असतं तर मला चांगलं सुनावलं असतं. कूलरचं पाणी जोत्यावर सांडलेलं त्यांना बिलकुल चालत नव्हतं.

प्रताप नगरला त्यांच्या मुलाच्या घरी गेलो. अंगणात माणसं जमलेली. कोणी म्हणे सोन्यासारखा माणूस, कोणी म्हणे असा सुतार आता होणे नाही. माझा मुलगा प्रशांत तर डोळे पुसत सांगत होता, "मले सख्ख्या काकासारखे होते." मला रडू आलं नाही. राग आला. पंधरवडा होऊन गेला, अजून येतो. जिवंत होता तेव्हा ज्या माणसाचं एक वाक्य कोणी ऐकलं नाही, त्याचे गुण गायला एवढी गर्दी... आणि त्या गर्दीत मी पण उभी होतेच की.

आमचं घर सक्करदऱ्याला, तलावापासून फार दूर नाही. सासरे लाकूड चिरायच्या आरामशीनवर मुनीम होते. तलावाची ओल वर येते म्हणून त्यांनी पुढच्या दोन खोल्यांना फरशी न घालता सागवानी फळ्या टाकल्या. फळ्यांखाली ऐनाच्या तुळया, तुळयांखाली माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी पोकळ जागा. आम्ही तिला भुयार म्हणतो. भुयारात वारा खेळावा म्हणून जोत्याला बाहेरून सहा जाळ्या. हे सगळं बसवलं ते देवाजीभाऊंच्या वडिलांनी, आणि त्यांच्यानंतर बघायला देवाजीभाऊ यायचे. दरवर्षी दसऱ्याच्या साफसफाईत, न बोलावता.

मी नवीन लग्न होऊन आले होते. पुढच्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते, घरात दुसरं कोणी नाही. आणि खालून आवाज आला, "वहिनी, जरा सरकून बसा. तुमच्या खालीच हाय मी." माझ्या हातातलं सूप उडालं. तांदूळ साऱ्या खोलीभर. थोड्या वेळानं मागच्या दाराशी मातीनं माखलेला एक हडकुळा माणूस उभा, डोक्यात कोळ्याची जाळी, हातात टॉर्च आणि लाकूड टोचून पाहायचा लांब सुवा. म्हणाला, "घाबरले काय वं? आता दरसाल येईन, सवय करून घ्या."

सवय झाली. मग तर मी वरून लाटणं घेऊन त्यांच्यासोबत चालायची. तुळईच्या रेषेवर मी लाटण्यानं ठोकायचं, खालून ते सुव्याच्या मुठीनं उत्तर द्यायचे. टक् आलं की लाकूड चांगलं. ठप् आलं की मी तिथं खडूनं फुली मारायची. मग बाहेर येऊन चहा. चहात नेहमीचं एकच भाषण, वाळवीचं आणि ओलीचं, "वहिनी, उधईले दवा हाय. ओलीले दवा नाही, तिले फक्त हवा." आमचे हे त्यांना चिडवायचे, "देवाजी, तुह्या तोंडातून दुसरं वाक्य निघते का नाही गा?" त्यावर देवाजीभाऊ, "तुमी हे ऐकलं का मंग दुसरं सांगतो."

हे गेल्यावर घरातलं बघणं प्रशांतकडे आलं. तो मिहानमधल्या कंपनीत नोकरीला, कामाचा माणूस, वाईट नाही. चार वर्षांपूर्वी जाळीतून एक धामण घरात आली. बिनविषारी, बिचारी उंदरामागं आलेली, पण सून घाबरली, नात लहान. प्रशांतनं एक ठेकेदार आणला. त्यानं भुयारात डोकंसुद्धा घातलं नाही. फळी ठोकली आणि म्हणाला, "दीमक लगी है." औषध मारलं आणि साप-उंदीर नको म्हणून सहाही जाळ्या सिमेंटनं बुजवून टाकल्या. वरून रंग. घर कसं गुळगुळीत दिसायला लागलं.

त्या दसऱ्याला देवाजीभाऊ आले. जोत्याभोवती एक फेरी मारली, बुजवलेल्या जागांवरून हात फिरवला. ठेकेदार उरलेलं काम करायला आलेला होता, प्रशांतही घरी. देवाजीभाऊ म्हणाले, "जाळ्या उघडा. खालची ओल कुठं जाईन?" ठेकेदार हसला. प्रशांत म्हणाला, "काका, आता केमिकलचा जमाना हाय. तुमचं वय झालं, काहून तरास घेता? आराम करा." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. देवाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तीस-पस्तीस वर्षं लाटण्याला उत्तर देणारा माणूस, मी काही बोलेन म्हणून वाट पाहत होता. आणि मी काय म्हटलं... "भाऊजी, आता पोरायचं घर हाय." त्यांनी चहा पूर्ण प्यायला, कप धुऊन ओट्यावर ठेवला आणि गेले. पुढचे दोन दसरे आले नाहीत. मी बोलावलंही नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात पुढच्या खोलीतलं गोदरेजचं कपाट एका अंगाला झुकलं. आधी वाटलं पायाखालचा पुठ्ठा सरकला. मग चालताना फळी गादीसारखी दबू लागली. ठेकेदार म्हणाला, सगळं उखडा, मुरूम भरा, टाइल्स लावा. प्रशांत तयार होता. मी त्याला न विचारता फोन केला. देवाजीभाऊ दुसऱ्या दिवशी हजर. पंचाहत्तरी ओलांडलेली, छातीत घरघर. म्हटलं, दुसऱ्या कोणाला उतरवा. ते म्हणाले, "लाकूड माह्या बापानं बसवलं, परका काहून जाईन?"

मधली एक फळी उचलून खाली उतरले. मी वरून लाटण्यानं ठोकलं. उत्तर आलं नाही. सुवा तुळईत मुठीपर्यंत गेला होता, शिजलेल्या सुरणात जावा तसा. वर येऊन त्यांनी माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. तपकिरी, चौकोनी भेगा पडलेलं, हलकं, बोटानं चुरलं तर भुगा. त्याच्यावर पांढरी बुरशी, कापसाच्या धाग्यांसारखी. "पाहा," म्हणाले, "उधईचं हे काम नाही. उधई असती तं मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. हे कुजलं. कूलरचं पाणी खाली मुरलं अन् वारा बंद." मी म्हटलं, प्रशांतनं सिमेंट लावलं म्हणून... त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "सिमेंट पोरानं लावलं, वहिनी. तराई कोनं केली?"

मी केली होती. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, बादलीनं पाणी मारून ते सिमेंट मीच पक्कं केलं होतं. ठेकेदारानं सांगितलं, तराई नाही केली तर भेगा पडतील, आणि मी मोठ्या निष्ठेनं केली. देवाजीभाऊंना हे कसं कळलं देव जाणे. बहुतेक सिमेंटवरून हात फिरवला तेव्हाच.

आठ दिवस काम चाललं. कुजलेला भाग तर कापलाच, त्याच्या पुढचं हातभर चांगलं दिसणारं लाकूडही कापलं. "कूज दिसते त्याच्या पुढं गेलेली असते." जुन्या तुळईला नवी तुळई जोडून बोल्ट कसले. टोकांना डांबर, आणि लाकूड विटेला टेकू नये म्हणून मध्ये दगडाची चीप. खालच्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं. कूलरच्या सांडणाऱ्या पाण्याला पाइप लावून तो जास्वंदीच्या आळ्यात सोडला. पाच जाळ्या स्वतः फोडल्या, त्यांना बारीक तारेची चाळण लावली. "आता वारा येईन, धामण नाही." सहावी मात्र तशीच ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "पाचाइनं काम भागते. हे घरच्या मानसानं उघडाची."

प्रशांत म्हणाला, या रविवारी करतो. मग पुढच्या रविवारी. मग पाहुणे आले, मग नातीची परीक्षा आली. देवाजीभाऊ फोनवर विचारायचे, "झाली का सहावी?" मी म्हणायची, होईन होईन. शेवटचा फोन होळीच्या आधी. तेव्हाही त्यांनी हेच विचारलं आणि मी हेच म्हटलं. माझ्या मनात माफीचे दोन शब्द होते, वर्षभर होते. जाळी उघडली की सांगू, असं ठरवलं होतं. बघा माझी अक्कल.

तेराव्याहून परत येताना गाडीत प्रशांत पुन्हा सुरू झाला, काका असे होते, काका तसे होते. मी म्हटलं, "गाडी चालव गा चूप. सहावी जाळी बंद हाय." घरी आल्यावर तो म्हणाला, "आई, उद्या मानूस लावतो." मी म्हटलं, मानूस नाही लागत. घरचं कोणी पाहिजे.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन मीच जोत्याशी पाट टाकून बसले. सून म्हणाली, आई, हात दुखतील. दुखले. प्रशांत ऑफिसातून आला, हातोडी मागू लागला, मी दिली नाही. बारक्या बारक्या टवक्यांशिवाय काही निघत नव्हतं. मला त्या सिमेंटचा राग येत होता, ठेकेदाराचा, प्रशांतचा, आणि एकदाच सांगून कप धुऊन निघून जाणाऱ्या त्या माणसाचासुद्धा. भांडायचं होतं ना, भाऊजी. ओरडायचं होतं माझ्यावर.

तीन दिवस झाले. आतापर्यंत मूठ जाईल एवढं भोक पडलं आहे. हात लावला की आतून वारा लागतो, थोडा मातीच्या वासाचा. बाकीचं अजून जागचं हलत नाही. फार पक्कं आहे. तराई मी चांगली केली होती.