माझा एकमेवाद्वितीय श्रोता

मंडळी, नोएडातल्या फ्लॅटमधून मी इंटरनेटवर मराठी गाण्यांचा रेडिओ चालवतो, हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. ऐकत कुणी नाही, ते असो.

कोणतं गाणं चालू आहे आणि श्रोते किती, हे सर्व्हरच्या पानावर दिसतं. श्रोता एकच, एकमेवाद्वितीय: गुडगावच्या ऑफिसात बसलेली माझी मुलगी.

आज माझ्या चुकीने एकच अभंग सकाळपासून तीन तास पुन्हापुन्हा वाजला. आकडा मात्र एकावरून हलला नाही. मी गहिवरून तिला फोन केला, "तीन तास तोच अभंग ऐकून कंटाळली नाहीस?"

"कशाला? अच्छा, तेच वाजत होतं? बाबा, मी आवाज बंद ठेवते हो. तुम्हांला शून्य दिसू नये म्हणून नुसतं लावून ठेवते."

फोन ठेवून मी पुढचं गाणं लावलं. आकडा अजून एकच आहे. हा श्रोता धरायचा की नाही, सांगा.