मोजणारी डॉक्टरीण

इंझोरीत ज्योत्स्नाला लोक तोंडावर डॉक्टरीणबाई म्हणत आणि पाठ वळली की ‘मोजणारी’. ताप आला म्हणून जावं, तर ही आधी वजनकाट्यावर उभं करते, दंडाला पट्टा बांधते, बोटाला चिमटा लावते आणि एवढं सगळं करून सुई टोचतच नाही. असली डॉक्टरीण काय कामाची? शेजारच्याच खोलीत तिचे वडील, शालिग्राम वैद्य, डोळे मिटून मनगट धरत आणि दुखणं सांगून मोकळे होत. माणसं तिच्या दारावरून पुढे जाऊन त्यांच्यापुढे बसत. दुसरी एखादी केव्हाच वाशिमला दवाखाना थाटून बसली असती. ही बया हटली नाही. मोजल्याशिवाय औषध नाही, म्हणजे नाही.

वडिलांवर तिचा राग नव्हता. लहानपणी त्यांनीच तिची बोटं धरून तिला नाडी दाखवली होती. त्यांचा हात आणि आपली यंत्रं एका खोलीत आली तर काय बहार होईल, असं तिला वाटे. बाबा हसत. तुझ्या मशिनीचे सेल उतरतात, माझ्या बोटांचे नाही, म्हणत. बोलायला काय जातं!

दिवाळी सरली की जवळच्या तांड्यावरची माणसं ऊस तोडायला बाहेर पडत. निघण्याआधी वैद्यबाबांना हात दाखवायचा, हा तांड्याचा रिवाज. बाबांनी ‘जा’ म्हटलं की माणूस ट्रॅक्टरवर चढायला मोकळा. ‘थांब’ म्हटलं की मुकादमाचंही काही चालत नसे.

यंदा निघायच्या दिवशी सकाळी बाबांनी चहाचं उकळतं पातेलं उघड्या हातांनी खाली उतरवलं. फडकं नाही, काही नाही. खाली बसून ते निवांत गप्पा मारत राहिले आणि बघता बघता त्यांच्या बोटांवर फोड उठले. ज्योत्स्ना ते पाहत होती. बाबांची शुगर जुनी होती आणि ती कोणाला मोजू द्यायची नाही, ही त्यांची खोड त्याहून जुनी.

तिनं नसा तपासायचा काटा आणला. दोन पायांचा लोखंडी काटा, ठोकला की थरथरतो आणि हाडावर टेकवला की ती थरथर आत जाणवते. तिनं तो न ठोकताच बाबांच्या बोटाच्या पेरावर टेकवला आणि विचारलं, कळतं का?

“कळते ना,” बाबा म्हणाले. “चांगला थरथरून राह्यला.”

मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं. तोंडं वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

हे कधीपासून, असं तिनं विचारलं. दोन हिवाळे झाले, बाबा म्हणाले. बोटांना काही लागत नाही. माणसाची चाल बघतो, श्वास ऐकतो आणि सांगतो, बहुतेक वेळा बरोबर निघतं. ती म्हणाली, आज कोणालाच जा म्हणू नका. मग सांगू काय, असं त्यांनी विचारलं. खरं सांगा, ती म्हणाली. बाबा उठून आपल्या जागेवर जाऊन बसले.

थोड्याच वेळात तांडा दारात आला. सगळ्यांच्या पुढे चंदाबाई, सून मंजूला हाताला धरून. मंजू पोटुशी, पायांवर सूज, कपाळ दाबत होती. तरी तिला जायचंच होतं, कारण फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको नसली तर मुकादम नुसत्या नवऱ्याला घेत नाही. ज्योत्स्ना पट्टा घेऊन पुढे झाली. चंदाबाईनं तिला हातानंच थांबवलं. वैद्यबाबा म्हणतील तसं, ती म्हणाली, आणि सुनेला बाबांपुढे बसवलं.

ज्योत्स्नाच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण तिचं कोण ऐकणार? पेशंट मिळत नाहीत म्हणून बापाला खोटं पाडते, असंच म्हणाले असते. तरी तिनं मनाशी ठरवलं, ‘जा’ हा शब्द निघाला की बोलायचं, मग गाव काहीही म्हणो. पट्टा हातात घेऊन ती दार अडवून उभी राहिली.

बाबांनी मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग सोडलं.

“मले नाडी लागत नाई, चंदा. बोटं मेली माह्यी. दोन सालं झाले, मी तुमची तोंडं पाहून सांगून राह्यलो.”

चंदाबाईचा नवरा रतनसिंग मागच्या हंगामात याच जागेवरून ‘जा’ घेऊन गेला होता. फडात मोळी डोक्यावर असतानाच तो कोसळला आणि घरी आलं ते त्याचं मढं. तिनं हळूच विचारलं, “आमच्या माणसाचा हात धरला, तवा?”

आयुष्यभर मोजमापावर अडून बसलेली ज्योत्स्ना त्या क्षणी मनातल्या मनात बापाला विनवत होती, की बाबा, आता खोटं बोला.

“तवाई नाई,” बाबा म्हणाले.

चंदाबाईनं मंजूला उठवून ज्योत्स्नापुढे आणलं आणि स्वतःच्या हातानं सुनेची बाही वर सारली.

“बांध,” ती म्हणाली.

रक्ताचा दाब भलताच चढलेला निघाला. ज्योत्स्नानं पुन्हा मोजला, तेवढाच. हिला फडात नाही, आत्ताच्या आत्ता वाशिमला न्यायचं, नाहीतर आई आणि बाळ दोघंही हातची जातील, असं तिनं सांगितलं. बाहेर ट्रॅक्टर सुरू होता आणि मुकादम आवाज देत होता. चंदाबाई दारात गेली.

“आमचा कोयता यंदा नाई निघत,” ती त्याला म्हणाली, आणि गाडी बघायला रस्त्याकडे चालू लागली.